'ग्रां प्री' पाहायचा कुठे: थिएटरात की घरी?

जॉन फ्रँकनहाइमर यांचा 'ग्रां प्री' (१९६६) हा फॉर्म्युला वन मोटार शर्यतींवरचा चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे. कुठे मोठ्या पडद्यावर त्याचा खेळ लागला की पेच पडतोच: तिकीट काढून जायचं, की घरी सुट्टीच्या दिवशी निवांत लावायचा? पहिल्यांदाच पाहणार असाल तर थिएटर, हे माझं ठाम मत. एकदा पाहून झाला असेल तर घर, पण त्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये हात घालावा लागेल.

हा चित्रपट नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा बऱ्याच रुंद, ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला आणि ७० मिमी प्रिंटवर, सहा ट्रॅकच्या ध्वनीसह दाखवला गेला. कॅमेरे धावत्या गाड्यांवरच बसवले होते. एक कॅमेरा-गाडी तर १९६१चे विश्वविजेते फिल हिल यांनी चालवली. एवढा खटाटोप का केला, ते मोनॅकोच्या गल्ल्यांमधून गाडी सुटली की कळतं. समोरचं लांबचं वळण जवळजवळ जागच्या जागी असतं. सुसाट मागे पळतात त्या दोन्ही बाजूंच्या भिंती आणि कठडे. वेग पडद्याच्या मध्यावर नसतो, कडांना असतो. त्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांपर्यंत पोचल्या तरच पोटात गोळा येतो.

आता घरचा हिशेब. ५५ इंची टीव्ही तीन मीटरवरून पाहिला तर तो नजरेचा जेमतेम २३ अंशांचा पट्टा व्यापतो. त्यात चित्राची रुंदी-उंची २.२० : १, टीव्हीपेक्षा रुंद, म्हणजे पडद्याच्या उंचीचा जवळपास पाचवा हिस्सा वर-खाली काळाच राहतो. ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी शर्यतींच्या दृश्यांत पडद्याचे तुकडे करून एकाच वेळी अनेक चित्रं दाखवली आहेत. त्या प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला टीव्हीवर काय उरत असेल? मोठ्या पडद्यावर तेच तुकडे अंगावर येतात. उपाय आहे, आणि फुकटचा आहे: खुर्ची पुढे ओढा. पावणेदोन मीटरवरून तोच टीव्ही ४० अंशांच्या जवळ जातो. विचित्र वाटेल, पण करून पाहा.

आवाजात मात्र घर हरतं. संकलन, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम अशी तीन ऑस्कर या चित्रपटाला मिळाली. इंजिनांचा तो आवाज छातीत घुमायला हवा. घरी तेवढा आवाज चढवायचा तर शेजाऱ्यांची परवानगी लागेल.

मग घरी पाहायचाच कशाला? थांबवायला आणि मागे न्यायला. ग्रॅहॅम हिल, योखेन रिंट यांच्यासारखे खरे ड्रायव्हर यात दिसतात. त्यांना ओळखण्यात वेगळीच मजा आहे. स्कॉट स्टॉडार्ड या पात्राचं हेल्मेट खरे ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट यांच्या हेल्मेटसारखं आहे. इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीत गाड्या तिरक्या चढाच्या भिंतीसारख्या ट्रॅकवर जातात, पण फॉर्म्युला वनची शर्यत त्या भागावर १९६१ नंतर झालेलीच नाही. असे तपशील थिएटरात हातून निसटतात. शिवाय प्रेमप्रकरणांचे प्रसंग रेंगाळतात, हेही खरं.

टीव्हीवर चित्र गुळगुळीत करणारं 'मोशन स्मूदिंग' बंद करा किंवा 'फिल्ममेकर मोड' लावा. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम) या चित्रपटात टीव्ही स्वतःच्या मनाने अधल्यामधल्या चौकटी घालतो आणि शर्यत थेट प्रक्षेपणासारखी सपाट दिसते. रेसिंगच्या चित्रपटाचं याहून मोठं नुकसान नाही.

'ले मान्स' (१९७१) हा दुसरा रेसिंगचा चित्रपट बघायचा असेल तर हा हिशेब बदलतो. तो १०६ मिनिटांचा. सुरुवातीच्या जवळपास अर्ध्या तासात ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा सोडल्या तर संवाद नावालाच आहेत. १९७०च्या खऱ्या शर्यतीत कॅमेरे लावलेली पोर्शे ९०८ ही गाडी धावली, तिने टिपलेली दृश्यं त्यात आहेत. या चित्रपटाला लहान पडद्यापेक्षा विचलित मन जास्त मारतं. शर्यत सुटण्याआधी सगळे आवाज विरतात आणि हृदयाचे ठोके ऐकू येतात. तेवढ्यात कुणाचा फोन वाजला की संपलं. म्हणून रात्री, दिवे मालवून, चांगले हेडफोन लावून तो घरीच पाहिला तरी मला चालेल.

'ग्रां प्री'चं तिकीट काढण्यापूर्वी एवढं विचारून घ्या: ७० मिमी प्रिंट आहे की डिजिटल, आणि पडदा केवढा? छोट्या पडद्याच्या सभागृहात डिजिटल खेळ असेल तर घरची पुढे ओढलेली खुर्ची फार मागे पडत नाही. ७० मिमी असेल तर जाच, आणि मधल्या रांगांपेक्षा थोडं पुढे बसा. लांबीची धास्ती नको, मध्यंतर चित्रपटातच ठेवलेलं आहे.