अभ्यासिकेत वापरलेली फिजेट खेळणी: दिवाळी ते जूनचा अनुभव

जळगावात अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करते. वाचताना माझ्या हाताला चाळा लागतोच. तो नसला की पेनाची टिकटिक सुरू होते आणि शेजारची ताई मान वर करून बघते. म्हणून दिवाळीपासून एकेक फिजेट, म्हणजे हाताला चाळा म्हणून धरायची छोटी वस्तू, वापरून पाहिलं, अगदी ऐन मे महिन्याच्या उन्हातही.

२०१७ साली स्पिनरचं, म्हणजे बोटांत धरून गरगर फिरवायच्या भिंगरीचं वेड आलं होतं, तेव्हाचा एक भावाकडे पडून होता. त्याच्या मधोमध ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, बाहेरून २२ मिलिमीटरचं, स्केटच्या चाकात बसतं तेच. आपल्याकडच्या धुळीत ते लवकर खरखरतं. झाकणी काढून रॉकेलमध्ये धुतलं, पूर्ण वाळवलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला की पुन्हा छान फिरतं. पण अभ्यासाला ते नकोच. फिरणारी वस्तू डोळा ओढून घेते, आणि राज्यघटना वाचायला डोळेच लागतात. अमेरिकेत एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं अवघड जातं ती अवस्था) असलेल्या लहान मुलांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही स्पिनर हातात असताना वर्गातलं लक्ष कमी झालेलं दिसलं. याउलट २०१५ च्या एका अभ्यासात अशीच मुलं जास्त हालचाल करताना लक्षाच्या चाचणीत जास्त अचूक उत्तरं देत होती. मला यातून एवढंच पटलं: हात हलू द्यावा, नजर हलू देऊ नये.

फिजेट क्यूब म्हणजे प्रत्येक बाजूला वेगळा चाळा असलेला छोटा ठोकळा. त्याची बटणं वाजतात, अभ्यासिकेत चालत नाहीत. त्याची न वाजणारी बाजू, अंगठ्याने घासायचा खळगा, तेवढी कामाची. पॉप-इट, म्हणजे बोटाने फुगे दाबायची रबरी पट्टी, घामाने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. घरी वापरायला ठीक.

फुग्यात पीठ भरून दाबायचा चेंडू केला. उन्हाळ्यात रबर चिकटून फाटलं आणि दप्तरभर पीठ. मग मांजरपाटाची मुठीएवढी पिशवी शिवली, दुहेरी टीप घालून, आणि आत दादर ज्वारी भरली. ज्वारी आधी कडक उन्हात वाळवायची, नाहीतर पोरकिडे होतात. पिशवी गच्च भरू नका, पाऊण भरा. बोटांखाली दाणे सरकले पाहिजेत, तिथेच सगळी गंमत आहे. मॉक टेस्टच्या आधी छाती धडधडते तेव्हा मी ही दाबत श्वास सावकाश सोडते. मला खरंच बरं वाटतं.

पण रोजचा सोबती ठरला सागरगोटा. आजीने डब्यातून काढून दिला, "हाऊ ले माय" (हा घे गं) म्हणत. झाडाचं बीच ते, पण राखाडी, गुळगुळीत, दगडासारखं टणक. घामट तळहातातही घसरत-फिरत राहतो, खाली न बघता. अंगठा त्याच्या बारीक आडव्या रेघांवरून जातो आणि पान कधी उलटलं ते कळत नाही. चार्जिंग नाही, तेल नाही, आवाज नाही. खाली पडला तर मात्र फरशीवर टणकन वाजतो, म्हणून मांडीवर रुमाल ठेवते.

लहान मूल घरात असेल तर सागरगोटा आणि दाण्यांची पिशवी दोन्ही वर ठेवा, तोंडात जाण्याची भीती असते. काष्ठौषधीच्या दुकानात सागरगोटे सहज मिळतात. घेताना कानाशी हलवून बघा. आतला गर सुकलेला असला की खुळखुळतो. तसला सोडून न वाजणारा निवडा.