वजन उतरवायला दर आठवड्याचं इंजेक्शन की स्लीव्हचं ऑपरेशन?

घोडबंदर रोडला राहा नाहीतर नेरुळला, दोन्ही उपचार आता हाताशी आहेत. पण किती किलो उतरतील एवढ्यावरच ठरवू नका. पुढची पाच वर्षं काय सांभाळता येईल, ते आधी बघा.

सेमाग्लुटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनच्या 2.4 मिलिग्रॅम डोसवर 2021च्या स्टेप-1 चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. टिर्झेपटाइड या तशाच दुसऱ्या इंजेक्शनच्या 15 मिलिग्रॅमवर 2022च्या सरमाउंट-1 चाचणीत 72 आठवड्यांत 20.9 टक्के. स्लीव्हनंतर, म्हणजे जठर कापून लहान करण्याच्या ऑपरेशननंतर, वर्ष-दीड वर्षात साधारण 25 ते 30 टक्के उतरतं. स्टेप-1मध्ये औषध बंद झाल्यावर मात्र उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत चढलं. म्हणून इंजेक्शनचा खर्च महिन्याचा नाही, वर्षांचा धरा. स्लीव्हनंतरही थोडं वजन परत येतं, पण इतक्या झपाट्याने नाही.

विम्याची गोम इथेच आहे. 2022पासूनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई माणसाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 27.5पासून ऑपरेशन सुचवता येतं. आपल्याकडच्या पॉलिसीत मात्र 40 किंवा गंभीर आजारांसह 35 लागतो. मधल्यांना खर्च खिशातून करावा लागतो. त्यांनी आधी इंजेक्शनचा विचार करावा, असं आमचं मत आहे. बीएमआय 40च्या वर आणि आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर ऑपरेशन लांबवू नये.

इंजेक्शनमध्ये घोळ होतो तो घाईने. सेमाग्लुटाइड 0.25 मिलिग्रॅमवर सुरू करून दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढायची असते; पायरी गाळली की मळमळ, उलट्या. पेन 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीझरच्या कप्प्याला खेटून नको. लोकलने नेताना बर्फाच्या पॅकला थेट चिकटू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला. एकदा गोठलेलं पेन फेकून द्यायचं, आतलं औषध स्वच्छ दिसत असलं तरी. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, तर ही औषधं तुमच्यासाठी नाहीत.

स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढतात. छातीत जळजळ आधीच जास्त असेल, तर ती वाढू शकते. मग गॅस्ट्रिक बायपासबद्दल (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) विचारा. पहिल्या काही आठवड्यांत ताप, 120च्या वर नाडी, डाव्या खांद्यात दुखणं म्हणजे टाक्यांतून गळती असू शकते. ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका, थेट ऑपरेशन केलेल्या हॉस्पिटलात जा. गळती निघाली तर तोंडाने खाणं बंद होतं आणि नळीतून किंवा शिरेतून पोषण द्यावं लागतं. शिरेतून देताना पोटॅशियम आणि फॉस्फरस सुरुवातीला रोज तपासावे लागतात. हॉस्पिटल निवडताना ही सोय आणि रात्रीचं सीटी स्कॅन आहे का, हे विचारून घ्या.

सगळ्यांत जपायचं ते सलाईनपासून. ऑपरेशननंतर उलट्या चालू राहिल्या की शरीरातला थायमिनचा (बी1 जीवनसत्त्वाचा) साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. अशा वेळी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून नाक्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवली, तर ते ग्लुकोज जाळताना उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. मग एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, भ्रम. उपचाराला उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून आधी शिरेतून थायमिन, मग ग्लुकोज. इंजेक्शनवर आठवडेच्या आठवडे उलट्या झाल्या तरी हाच क्रम. एवढ्या दोन ओळी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, पाकिटात ठेवा आणि घरच्यांनाही दाखवून ठेवा.