तयार ग्लेझ बंद करून स्वतःचं बनवायला लागले, त्यानंतरचा अनुभव

निमित्त एका डब्याचं. नेहमीच्याच पुरवठादाराकडून आलेलं नेहमीचंच पारदर्शक ग्लेझ (मातीच्या भांड्यांवर भाजून बसवायचा काचेसारखा लेप), पण या वेळी ऑर्डरचे सगळे कप भट्टीतून काढल्यावर टिंग टिंग वाजायला लागले. हा आवाज आला की समजायचं, ग्लेझला बारीक चिरा पडताहेत. माती तीच, भट्टीही तीच, भाजणंही तेच, कोन सहा (कोन हे भट्टीच्या उष्णतेचं माप), म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअस. पुरवठादाराचं एकच पालुपद, तुमची मातीच खराब. डब्यात काय आहे म्हणून विचारलं तर फॉर्म्युला गुपित. तेव्हापासून तयार ग्लेझ बंद.

ग्लेझी या संकेतस्थळावर ढीगभर रेसिपी फुकट आहेत, सेगर सूत्रही (ग्लेझमधल्या ऑक्साइडांचं एकमेकांशी प्रमाण) तिथेच निघतं. सुरुवातीला वाटलं, हे हाताशी असलं की निम्मं काम झालं. आता तसं वाटत नाही. तिथलं गणित तुम्ही निवडाल ते फेल्डस्पार (ग्लेझ वितळायला मदत करणारं खनिज) धरून होतं, आणि आपल्या पोत्यावर काय असतं? मार्करने लिहिलेलं ‘फेल्डस्पार’. पोटॅश की सोडा, तेवढंही नाही!

माझा सगळा राग इथे आहे. पोटॅशियम आणि सोडियम दोन्ही ग्लेझचं प्रसरण वाढवतात, त्यात सोडियम जास्त. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणलं जातं आणि चिरतं. आणि प्रश्न नुसत्या चिरांचा नाही: नवं पोतं उघडलं आणि कालपर्यंत जागेवर थांबणारं तेच ग्लेझ ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटलं. वाण्याकडे तांदळाच्या पोत्यावर जात लिहिलेली असते, मग इथे का नको? आता मी एकदम अख्खं पोतं घेते आणि जुनं संपायच्या आत दोन्हींच्या टाइल्स शेजारी शेजारी उभ्या ठेवून भाजते. बिल त्यानंतरच चुकतं करते.

चिरांवरचा इलाज मात्र डोळ्यांदेखत सापडला, आणि तो आनंद तयार डब्याने कधी दिला नव्हता. एकच ग्लेझ, त्यात सिलिका (गारगोटीची पूड) ३, ६, ९, १२ टक्के वाढवत नेली. प्रत्येक मिश्रण ८० मेशच्या चाळणीतून गाळलं, टाइलच्या पाठीवर आयर्न ऑक्साइडने नंबर घातला. भाजल्यावर टाइल्स उकळत्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात टाकल्या, वर शाई चोळून पुसली. तीनवर शाईचं दाट जाळं, सहावर एखाददुसरी रेघ, नऊवर काहीच नाही. बारावर चमक मंदावली. ते नऊचं ग्लेझ आज माझ्या सगळ्या कपांवर आहे.

पैशांचं म्हणाल तर ब्रशने लावायच्या परदेशी ग्लेझच्या एका छोट्या बाटलीच्या किमतीत फेल्डस्पारचं अख्खं पोतं येतं. खरा खर्च बोरॉन फ्रिटचा (बोरॉन असलेली दळलेली काच) आणि कोबाल्टचा. कोबाल्ट ऑक्साइड अर्धा टक्काही निळ्या रंगाला पुरतं, म्हणजे शंभर ग्रॅमच्या चाचणीत अर्धा ग्रॅम. त्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्याच, किचनचा काटा इथे कामाचा नाही.

मास्कवर पैसे वाचवू नका. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. एन-९५ मास्क लावा, खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तांब्याचं हिरवं ग्लेझ जेवणाच्या भांड्यावर लावण्याआधी लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. रंग उतरला तर ते ग्लेझ बाहेरच्या बाजूलाच.

सध्या भाताच्या तुसाच्या राखेवर काम चालू आहे. या राखेत सुमारे ९० टक्के सिलिका असते आणि कोकणात गिरणीवर तूस पडूनच असतं. धुऊन चाळलेल्या राखेच्या पहिल्या टाइल्सवर दुधी, किंचित निळसर झाक आली आहे.

महिन्याला एकदोनदाच भट्टी लावत असाल तर एवढा पसारा कशाला, तयार डबा बरा. विक्रीसाठी भांडी करणाऱ्यांनी मात्र यात पडावंच. आणि पुरवठादारांनो, प्रत्येक पोत्याबरोबर रासायनिक विश्लेषणाचा कागद द्या. किलोमागे चार पैसे जास्त लावलेत तरी मी तुमच्याकडूनच घेईन.