वाफेच्या नळीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव: मशीन ठीक, फेस अडतो एका छिद्रापाशी

एका बॉयलरचं घरगुती एस्प्रेसो मशीन, दूध फेसाळायच्या वाफेच्या नळीवर स्टीलची स्लीव्ह, म्हणजे टोकावर चढवलेलं नळकांडं. या गटातली मशीनं आतून एकमेकांची भावंडंच असतात, म्हणून मॉडेल सांगत बसत नाही. तक्रारही सगळीकडे एकच ऐकू येते. सुरुवातीला कॅपुचिनोवर जाड फेस, आणि काही महिन्यांनी दूध नुसतंच तापतं. वर चार मोठे बुडबुडे येतात, कपात ओतेपर्यंत तेही फुटून जातात.

कॉफीच्या बाजूबद्दल तक्रार नाही. खोक्यावर ठळक छापलेला ‘१५ बार’ हा पंपाचा आकडा आहे, वाफेशी त्याचा काडीचा संबंध नाही. वाफेचा दाब १ ते १.५ बारच्या आसपास असतो आणि दुधाला तेवढा पुरतो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: ‘दूध बदलून बघा.’ बदलून फरक पडला नाही की पुढचं वाक्य, ‘पंप कमजोर झालाय, मशीन पाठवून द्या’, आणि तपासणीचे पैसे वेगळे. इथेच डोकं फिरतं. पंप बॉयलरमध्ये पाणी ढकलतो, बस. वाफ जोरात येतेय आणि दूध नेहमीच्या वेळात ६५ अंश सेल्सिअसला पोचतंय, याचा अर्थ उष्णता पुरेशी मिळतेय. फेसाला उष्णतेबरोबर हवा लागते. कमी पडतेय ती हवा, आणि हवेचा रस्ता पंपातून जात नाही.

तो रस्ता स्लीव्हच्या वरच्या बाजूला असलेल्या एका बारीक छिद्रातून जातो. काही स्लीव्हना छिद्राऐवजी उभी फट असते. आतल्या नोझलमधून वाफ वेगाने सुटली की स्लीव्हच्या पोकळीत दाब घटतो आणि बाहेरची हवा त्या छिद्रातून ओढली जाते. वाफ आणि हवा मिसळून खालून दुधात शिरतात. सगळा फेस या एवढ्याशा भोकावर उभा आहे, आणि माहितीपुस्तिकेत त्याच्यावर अर्धं वाक्य. स्लीव्ह ‘ओल्या फडक्याने पुसा’ म्हणे! बाहेरून आरशासारखी चकाकणारी स्लीव्ह आतून बुजलेली असू शकते, हे कोण सांगणार?

छिद्र दोन प्रकारे निकामी होतं. पहिला प्रकार, दुधाची पातळी छिद्राच्या वर जाते. मग हवेच्या जागी दूधच ओढलं जातं, फेस होत नाही, आणि ते दूध तापलेल्या धातूवर भाजून भोकाच्या कडेला चिकटतं. दुसरा प्रकार त्यातूनच पुढे येतो. प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा पांढुरका थर रोज थोडा थोडा चढतो आणि भोक आकसत जातं. हे हळूहळू होत असल्यामुळे फेस कधीपासून पातळ झाला ते लक्षात येत नाही.

तपासणी फुकटात होते. जगमध्ये दुधाऐवजी गार पाणी घ्या, छिद्र पाण्याच्या वर राहील एवढी नळी बुडवा आणि वाफ सोडा. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी चिमट्यात धरून छिद्राजवळ न्या. पट्टी आत ओढली गेली तर रस्ता मोकळा आहे, जागची हलली नाही तर बुजलाय. बोट लावून पाहू नका, स्लीव्ह चांगलीच भाजते.

सफाईचा क्रम उलटा करू नये. मशीन पूर्ण गार झाल्यावर स्लीव्ह खाली ओढून काढा. दुधाच्या नळ्यांसाठी मिळणाऱ्या अल्कधर्मी क्लीनरच्या कोमट द्रावणात ती अर्धा तास बुडवून ठेवा म्हणजे प्रथिनांचा थर सुटतो. नीट धुऊन मग सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात ठेवा. १ लिटर पाण्याला २० ते ३० ग्रॅम पुरेत. यात क्षार विरघळतात. आधी आम्लात टाकलं तर वरचं प्रथिन तसंच राहतं आणि खालच्या क्षाराला आम्ल नीट पोचत नाही. शेवटी छिद्रातून बारीक सुई हलक्या हाताने फिरवा. जोर लावून भोक मोठं केलंत तर हवा जास्त शिरते आणि साबणाच्या फेसासारखे ढोबळ बुडबुडे येतात.

छिद्र साफ असूनही ढोबळ बुडबुडेच येत असतील तर नळी आणि स्लीव्ह यांच्यामधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघा. ती कडक झाली किंवा चिरली की सांध्यातूनही हवा शिरते, आणि तिच्यावर कुणाचा ताबा राहत नाही.

आता मत बदलायची वेळ. नवीन मशीनवर या स्लीव्हला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं वाटतं, कारण नळी कशीही धरा, फेस होतोच. काही महिने वापरल्यावर तीच अडचण ठरते. हवा किती घ्यायची आणि कधी थांबवायची हे तुमच्या हातात नसतं. दूध तापेपर्यंत ती हवा ओढत राहते, त्यामुळे वर कोरडा, ताठ फेस आणि खाली पातळ दूध असे दोन थर पडतात. ‘लाटे’ या दुधाळ कॉफीसाठी लागणारा बारीक, चकचकीत फेस तिच्यातून निघत नाही. ज्यांच्या मशीनची आतली नळी पुरेशी लांब आहे आणि टोकाला नीट नोझल आहे, त्यांनी स्लीव्ह काढून खणात टाकावी.

उघड्या नळीने करताना दूध फ्रिजमधलं, ४ अंशांच्या आसपासचं हवं. जग ३५० मिलीचा असेल तर दूध १५० मिली. नोझलचं टोक पृष्ठभागाखाली जेमतेम २ ते ५ मिलिमीटर, जगच्या मध्यापासून थोडं बाजूला, म्हणजे दूध गोल फिरतं. कागद फाडल्यासारखा हलका आवाज येत राहिला पाहिजे. जगचा तळ हाताला गार लागेनासा झाला, म्हणजे ३५ ते ४० अंशांपर्यंत, की हवा घेणं बंद. टोक थोडं खाली न्या आणि उरलेला वेळ दूध नुसतं फिरू द्या, त्यात मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. ६० ते ६५ अंशांना थांबा. ७० च्या पुढे दुधातली ‘व्हे’ प्रथिनं (दूध फाटल्यावर पाण्यात राहतात ती) उलगडून बिघडतात, उकळल्याचा वास येतो आणि गोडवाही जातो.

स्लीव्ह काढली की मशीनचा खरा दोष उघडा पडतो: ओली वाफ. लहान बॉयलरमध्ये वाफ आणि पाणी एकमेकांना चिकटून असतात, नळीत साचलेलं पाणीही आधी बाहेर पडतं. म्हणून दुधात घालण्याआधी रिकाम्या भांड्यात वाफ सोडा, पाण्याचे शिंतोडे थांबून कोरडा फुत्कार येईपर्यंत. दिवा बघून ‘वाफ तयार’ म्हणत थांबण्यापेक्षा दिवा बदलायच्या ५ ते ८ सेकंद आधी सुरुवात करणं बरं. तेव्हा हीटर चालू असतो, त्यामुळे दाब मध्येच कोसळत नाही. वाफेच्या वेळी पंप टिक-टिक करत थोडं थोडं पाणी ढकलतो त्या थर्मोब्लॉक मशीनमध्ये (बॉयलरऐवजी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी जातं तिथे) हा ओलावा पूर्ण जात नाही, एवढं गृहीत धरा.

ओलावा मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. १५० ग्रॅम दूध ४ अंशांवरून ६५ पर्यंत नेताना साधारण १५ ग्रॅम वाफ पाणी होऊन दुधात मिसळते. म्हणजे वजनाच्या दहा टक्के, हे टळत नाही. काटा १६५ च्या आसपास असेल तर वाफ कोरडी आहे. १७५ दाखवत असेल तर दुधात फुकटचं पाणी पडतंय आणि प्रथिनं पातळ होताहेत. अशा दुधाला चव नाही आणि फेसाला बळही नाही.

आता ‘दूध बदला’ या सल्ल्याकडे परत. मशीन न तपासता दिला जातो म्हणून चीड येते, पण कधीकधी दोष दुधाचाच असतो. बुडबुड्याभोवतीची भिंत प्रथिनांची असते. दुधातल्या चरबीचं विघटन होऊन सुटी मेदाम्लं तयार झाली की ती प्रथिनांना पृष्ठभागावरून ढकलतात आणि भिंत फुटते. थंडीतही वाढणाऱ्या जिवाणूंची काही विकरं (एन्झाइम) पाश्चरीकरणातून तगतात, म्हणून मुदतीच्या आतलं, वासाला चांगलं असलेलं दूधही फेसाला दगा देऊ शकतं. ओळख कानाने पटते: वाफ बंद केल्यावर फेस सोड्यासारखा चुरचुरत खाली बसतो.

भांडण कुणाशी करायचं ते ठरवायला मशीन लागतच नाही. स्वच्छ बाटलीत १०० मिली गार दूध घालून अर्धा मिनिट जोरात हलवा, मग त्याच दिवशी आणलेल्या दुसऱ्या दुधाबरोबर तेच करा. एकाचा फेस लगेच बसला आणि दुसऱ्याचा टिकला तर दोष दुधाचा. दोन्हींचा सारखाच टिकला तर परत स्लीव्हकडे या. बाटली आणि जग खळखळून धुतलेले असावेत, साबणाचा किंवा तेलाचा अंश दोन्ही दुधांना सारखाच मारतो. लेबलवर १०० मिलीला ३.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं असलेलं दूध बरं. स्निग्धांश कमी असला तर फेस जास्त आणि कोरडा, ३ ते ३.५ टक्के असला तर मऊ आणि ओतता येण्याजोगा.

कॉफीच्या दुकानातला फेस पडलेला असतो त्याचं कारण बहुधा वेगळं. तिथे मशीन दणकट असतं, पण जगमध्ये उरलेल्या कोमट दुधावर गार दूध ओतून तेच परत तापवतात. ते सुरुवातीलाच ३० अंशांवर असतं, त्यामुळे हवा घ्यायला वेळच मिळत नाही. एकदा तापून गेलेली प्रथिनं आणि पुन्हा पडलेलं वाफेचं पाणी हे वेगळंच.

वाफ बंद केल्यावर नळी दुधात राहू देऊ नका. आतली वाफ निवून तिचं पाणी झालं की पोकळी तयार होते आणि दूध नळीत वर ओढलं जातं. नळी बाहेर काढताच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा २ सेकंद वाफ सोडायची.

ओ-रिंग सुटी मागितली तर ‘पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागेल’ असं ऐकवतात. घेऊ नका. आतला व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजा, अन्नासाठी चालणाऱ्या ईपीडीएमची (एक कृत्रिम रबर) रिंग मागा आणि बसवताना अन्नासाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज तेलाचं ग्रीस ईपीडीएमला फुगवतं आणि दुधात उतरलं तर फेसही घालवतं.