बाईक लिफ्ट मागवताय? ५०० किलोच्या स्टिकरवर जाऊ नका, माझे पैसे कसे गेले ते वाचा

घरच्या गॅरेजसाठी बाईक लिफ्ट घ्यायचा विचार चालू असेल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा, लांब झालंय पण पूर्ण वाचा. कारण प्रश्न नुसत्या पैशांचा नाहीये. लिफ्टवर दोनशे किलोची गाडी असते, खाली आपला हात असतो आणि बाजूला घरातलं पोरगं पाना हातात घेऊन उभं असतं.

मी इंदूरला राहतो, गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, नव्या इंजिनाची, कर्ब वेट (तेल-पेट्रोलसकट वजन) १९५ किलो. ऑइल, चेन, ब्रेक पॅड, चाक काढणं ही कामं मी बरीच वर्षं घरीच करतोय. पॅडॉक स्टँड (चाक जमिनीपासून थोडं वर धरणारा) आहे, पण खाली बसून काम करून कंबर पार जाते, म्हणून म्हटलं आता प्लॅटफॉर्मवाली हायड्रॉलिक लिफ्ट घेऊन टाकू. सियागंजच्या बाजारात विचारलं, ज्या दुकानांत गेलो तिथे जॅक आणि स्टँड भरपूर, लिफ्ट मात्र ऑर्डरवर मागवून देऊ म्हणाले आणि भावही चढा सांगितला. मग ऑनलाइन एक सापडला, दुसऱ्या राज्यातला, स्वतःला मॅन्युफॅक्चरर म्हणवणारा. ५०० किलो कपॅसिटी, ३ एमएम चेकर प्लेट (पाय घसरू नये म्हणून वर उठावाची नक्षी असलेली लोखंडी प्लेट), दातेवालं लॉक, हार्ड क्रोम रॉडचा सिलिंडर, लिफ्टचं वजन १४५ किलो, किंमत ३४,००० आणि भाडं टू-पे, म्हणजे माल सोडवताना आपण द्यायचं. फोनवर अगदी गोड बोलणं, "सर, मेरी गारंटी, आँख बंद करके लो." मी जे जे विचारलं ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं त्याने. हे लिहून घेतलेलं पुढे फार कामाला आलं, म्हणून तुम्हीही फोनवरचं बोलणं फोनवर ठेवू नका.

दहा हजार अ‍ॅडव्हान्स दिला. बाकीचे डिस्पॅचच्या आधी, पण मी म्हटलं माझा पीस चालवून दाखव तेव्हाच देतो. त्याने व्हिडिओ पाठवला. प्लॅटफॉर्मवर कागद चिकटवलेला, त्यावर माझं नाव आणि इंदूर लिहिलेलं, वर एक स्कूटर, माणूस पायाने पंप मारतोय आणि स्कूटर वर जातेय. यावर कोणीही पैसे देईल. दिले मी. आता ऐका, नावाची चिठ्ठी ही कुठल्याही पीसवर चिकटते. व्हिडिओतला पीस एक आणि पॅक होऊन आलेला दुसराच, ही याची मुख्य ट्रिक, आणि मला नंतर कळलं की अजून दोघांना याने अशाच चिठ्ठीचा व्हिडिओ पाठवला होता.

त्याच व्हिडिओत दुसरी गोष्ट आहे जी मेकॅनिकलचं काम न केलेल्या माणसाच्या लक्षात येणं अवघड. व्हिडिओ सुरू होतो तेव्हाच प्लॅटफॉर्म गुडघ्याएवढा वर आहे! कात्रीवाल्या लिफ्टमध्ये सगळ्यात जास्त जोर लागतो तो अगदी खालून उचलताना, कारण तेव्हा पाय जवळजवळ आडवे असतात. सिलिंडर आडवा बसवलेला असेल आणि पाय जमिनीशी १० अंशात असतील तर वजनाच्या साधारण साडेपाच पट जोर सिलिंडरला द्यावा लागतो, म्हणजे माझ्या १९५ किलोच्या गाडीसाठी एक टनाच्या वर, आणि प्लॅटफॉर्मचं स्वतःचं वजन वेगळं. तोच कोन ४५ अंश झाला की जोर वजनाएवढाच उरतो. म्हणजे अर्ध्या उंचीवरून शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर कुठलाही फालतू सिलिंडर उचलून दाखवेल, त्यावरून ५०० किलोचं काहीच सिद्ध होत नाही.

माल ट्रान्सपोर्ट नगरला आला. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) घेऊन गेलो तेव्हा शेजारचे काका बरोबर होते. काका पिथमपूरच्या कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेत, लोखंडातलं त्यांना जे कळतं ते मला जन्मात कळणार नाही. गोडाऊनमधून दोन हम्मालांनी ती लिफ्ट उचलली आणि गप्पा मारत लोडिंग रिक्षात ठेवली. काका तिथेच थांबले. म्हणाले, "अरे, १४५ किलो असं उचलतात होय? आधी काट्यावर घे." वाटेत एका भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली तर पॅकिंगसकट ९२ किलो. तिथेच फोटो काढला, काट्याचा आकडा आणि लिफ्ट एकाच फोटोत दिसेल असा, आणि काट्याची पावतीही घेतली.

घरी आल्यावर काकांनी जाडी मोजायला व्हर्नियर लावला. चेकर प्लेट म्हणून जी होती ती १.६ एमएमची चादर, १६ गेज, वर नक्षी दाबलेली. हिशोब कोणीही करू शकतो, एक चौरस मीटर लोखंडी चादर १ एमएम जाडीला ७.८५ किलो भरते. सात फूट बाय दोन फुटाचा प्लॅटफॉर्म म्हणजे १.३ चौरस मीटर, ३ एमएमची प्लेट असती तर एकट्या प्लेटचे तीस किलो झाले असते, इथे सोळाच. म्हणून वजन विचारा, बिलावर लिहून घ्या आणि डिलिव्हरीच्या वेळी तोला, रंगाखाली जाडी लपते, काट्यावर लपत नाही.

मी गाडी चढवायला निघालो नव्हतो, काकांचा नियमच आहे की नवीन उचलायची वस्तू आधी मुक्या वजनावर तपासायची. समोर एका घराचं बांधकाम चालू आहे, तिथून सिमेंटच्या चार गोण्या मागून आणल्या, ५० किलोची एक, म्हणजे दोनशे किलो, माझ्या गाडीपेक्षा जेमतेम पाच किलो जास्त. अगदी खालून पंप मारला तर हललीच नाही, पंपाच्या बुडातून तेल यायला लागलं. मग दोन गोण्या उतरवल्या, अर्ध्या उंचीपर्यंत नेली, तिथे परत चढवल्या. काकांनी भिंतीवर प्लॅटफॉर्मच्या रेषेत खडूने खूण केली आणि आम्ही चहा घ्यायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर प्लॅटफॉर्म खुणेच्या चार बोटं खाली. कोणी हात लावलेला नाही, लिफ्ट खाली सोडायचा नॉब घट्ट बंद. सिलिंडरच्या पॅकिंगमधून किंवा रिटर्न व्हॉल्व्हमधून तेल आतल्या आत सरकतं तेव्हा असं होतं, आणि थोडंफार प्रत्येक हायड्रॉलिकमध्ये होऊ शकतं, म्हणूनच लॉक लागतं.

आणि लॉक! मला सगळ्यात जास्त संताप याचाच आहे. जाहिरातीत दातेवालं लॉक होतं, ज्यात लिफ्ट वर जाताना खटका दात्यांवरून टक टक करत जातो आणि सोडली की वजन त्या दात्यावर बसतं, तेलावर नाही. आलेल्या पीसमध्ये नुसता एक सळईचा तुकडा, फ्रेमच्या भोकातून आरपार घालायचा. घातला, लांब उभं राहून नॉब उघडला, वजन सळईवर आलं, कट्ट करून आवाज झाला आणि प्लॅटफॉर्म एका बाजूला तिरका झाला, वरची गोणी सरकून खाली पडून फुटली. बघितलं तर सळई वाकलेली आणि दोन एमएमच्या पट्टीतलं गोल भोक लांबट झालेलं, त्याच्या कडेचा रंग उडून खालून राखाडी पुट्टी दिसत होती. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने ती पुट्टी खरवडली. तिथे वेल्डिंग नव्हतंच, नुसते टाके मारलेले, मधे मोकळं, वरून पुट्टी भरून निळा रंग. पायांच्या पिन म्हणून जे बोल्ट होते त्यांच्या डोक्यावर ८.८ वगैरे मजबुतीचा कुठलाच मार्क नाही, साधे बोल्ट.

त्या गोणीच्या जागी गाडी असती आणि मी खाली ड्रेन बोल्ट उघडत असतो तर? पोरगा पलीकडे बसलेला असतो नेहमी. हा विचार करून त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगतो.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. आधी म्हणाला ट्रान्सपोर्टमध्ये डॅमेज झालं असेल, मग म्हणाला तुम्ही ओव्हरलोड केलं, ५०० किलोच्या लिफ्टवर २०० किलो म्हणजे ओव्हरलोड!! मग म्हणाला परत पाठवा, जायचं-यायचं भाडं तुमचं, रिपेअर करून देतो. मी पैसे परत मागितले तेव्हा ब्लॉक केलं. बिल नीट बघितलं तर जीएसटी नंबर होता, पण जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर कॅन्सल्ड. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचा कोड असतात, मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७, आणि याच्या बिलावरचा पत्ता एका राज्यातला तर कोड दुसऱ्याच राज्याचा. पैसे गेले ते यूपीआय खातं फर्मचं नाही, तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. पोर्टलवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं आणि लॉगिनही लागत नाही, त्यामुळे कोटेशन आलं की नंबर मागा, नाव, पत्ता, कोड, खातं हे चारही एकमेकांशी जुळतात का बघा, एक जरी जुळत नसेल तर रुपयाही पाठवू नका, मग तो कितीही गोड बोलो.

मी आधी १९१५ वर तक्रार नोंदवली, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते विक्रेत्याला कळवून मध्यस्थी करतात, हुकूम देऊ शकत नाहीत, पण तक्रारीचा नंबर मिळतो. तिकडून काही झालं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून. लोकांना वाटतं विक्रेता जिथला तिथे जाऊन भांडावं लागेल, तसं नाहीये, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील केलाच पाहिजे असंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं लिहिणं, काट्याची पावती, व्हर्नियरचा फोटो, गोण्यांच्या टेस्टचा व्हिडिओ सगळं जोडलंय. आणि ज्यांचा माल आलाच नाही, पैसे घेऊन समोरचा गायबच झाला, त्यांनी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, त्याच तासाला फोन करावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं अडवलं तर काही हाती लागतं, आठवड्याने केला तर बहुतेक उशीर झालेला असतो.

आता मी काय घेतलं ते सांगतो, कारण बरेच जण तेच विचारतात. वाट बघून, जास्त पैसे देऊन इथलीच घेतली, सांवेर रोडच्या एका फॅब्रिकेटरकडून, त्याच्या शेडमध्ये माझीच गाडी नेऊन, प्लॅटफॉर्म पूर्ण जमिनीला टेकवून तिथून उचलायला लावली, मधे लॉकवर बसवली, नॉब पूर्ण उघडा ठेवून अर्धा तास तशीच ठेवली आणि मग पैसे दिले. अर्धी रक्कम आधी मागितली त्याने, ती दिली, पण पावतीवर स्टीलची जाडी आणि लॉकचा प्रकार लिहून. कपॅसिटी गाडीच्या वजनाच्या दुप्पट तरी धरा, बोल्ट उघडताना आपण पान्यावर जोर देतो तो जोरही लिफ्टवरच येतो. लांबीही मोजा, क्लासिक २१४५ एमएम लांब आहे, त्यात पुढे चाकाचा क्लॅम्प आणि मागे चढायची फळी, म्हणजे गॅरेजमध्ये दहा-अकरा फूट मोकळे पाहिजेत, आणि वर गेल्यावर हँडल शटरच्या पेटीला लागायला नको. मागच्या चाकाखालची प्लेट निघणारी घ्या, नाहीतर चाक काढायला जागाच मिळत नाही.

आपल्याकडे पोर्चला पाणी जायला उतार असतो, त्यावर कोटा फरशी किंवा टाईल्स, तिथे लिफ्ट डुगडुगते. सपाट जागा नसेल तर आधी जमीन करून घ्या. गाडी चढवताना वर बसून चढवू नका, बाजूने चालत ढकला, दुसरा माणूस मागे पाहिजेच. पुढचं चाक क्लॅम्पमध्ये, मग फोर्कच्या खालच्या टीला (फोर्कचे दोन्ही पाय जोडणारा आडवा भाग) दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्टे, पुढचा सस्पेन्शन साधारण अर्धा दबेल इतके घट्ट, आणि हे सगळं लिफ्ट खाली असतानाच. वर गेल्यावर पट्टे आवळायला जाऊ नका. मागचं चाक काढायचं असेल तर आधी फ्रेमखाली आधार, कारण चाक गेलं की वजन पुढे झुकतं. उतरवताना थोडी वर उचलायची, लॉक मोकळं करायचं, मग हळूहळू नॉब, आणि त्या वेळी खाली कोणाचा पाय, कुत्रं, डबा काही नाही ना ते वाकून बघायचं.

ती जुनी लिफ्ट अजून माझ्या गच्चीच्या जिन्याखाली पडून आहे, केसचा पुरावा म्हणून. देवासचा एक जण दहा हजारात न्यायला तयार होता, म्हणाला भिया मी वेल्डिंग मारून घेईन. मी नाही दिली. केस संपली की कटरने तुकडे करून भंगारात जाईल, अख्खी नाही जाणार. तो विक्रेता मात्र अजून चालू आहे, फर्मचं नाव बदललंय पण व्हिडिओ तोच, निळी लिफ्ट, पांढरी स्कूटर, आणि सुरुवातीलाच गुडघ्याएवढा वर असलेला प्लॅटफॉर्म. कोणाला असा व्हिडिओ आला तर त्याला एवढंच सांगा, पूर्ण खाली कर आणि तिथून उचलून दाखव, लाइव्ह व्हिडिओ कॉलवर, वर बुलेट ठेवून. चिठ्ठीचा व्हिडिओ आलेल्या त्या दोघांपैकी एकाने नंतर हेच केलं, त्याचा फोन तिथेच कट झाला आणि त्याचे चोवीस हजार वाचले.