स्मृतिवन, भूज : नावे जपणारा डोंगर

कच्छला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक धोरडोच्या पांढऱ्या रणाच्या ओढीने भूजमधून घाईघाईने पुढे निघतात. परंतु भुजियो डुंगरावरील स्मृतिवन या भूकंप-स्मारकासाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाचे हे स्मारक सुमारे ४७० एकरांवर पसरलेले असून २८ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पावसाचे पाणी अडवण्यासाठी डोंगरउतारावर ५० बंधारे बांधलेले आहेत आणि भूकंपात मृत्युमुखी पडलेल्या १२,९३२ जणांची नावे तेथील फलकांवर लिहिलेली आहेत. वर्षानुवर्षे अवर्षण सोसणाऱ्या जिल्ह्यात मृतांच्या स्मरणार्थ पाणी साठवावे आणि त्याच्या ओलीवर झाडे वाढवावीत, यापेक्षा उचित श्रद्धांजली मला सुचत नाही.

वास्तुरचनाकार राजीव कठपालिया यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या संग्रहालयात सात विभाग आहेत. पृथ्वीच्या घडणीपासून भूकंपानंतरच्या मदतकार्यापर्यंतचा क्रम सुबोध आहे. कच्छच्या भूरचनेविषयीचा भाग पाहताना १८१९ सालच्या भूकंपाची माहिती असल्यास अधिक आकलन होते, कारण त्या धक्क्याने रणात अल्लाह बंध हा लांबच लांब उंचवटा उभा राहिला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. भूकंपाचा प्रत्यक्ष अनुभव देणारे, जमीन हादरवणारे दालन सर्वाधिक गर्दी खेचते. तथापि हृदयविकार असलेल्यांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी आत जाण्यापूर्वी विचार करावा. किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ज्यांनी भोगली आहे, त्यांनाही ते हादरे सोसवतीलच असे नाही.

माझा एकच आक्षेप आहे. पुनर्बांधणीच्या दालनात प्रशासनाच्या कामगिरीला जितकी प्रशस्त जागा मिळाली आहे, तितकी ढिगाऱ्यातून शेजाऱ्यांना हातांनी बाहेर काढणाऱ्या सामान्य माणसांच्या कथनाला मिळायला हवी होती. पडद्यांचा आणि प्रकाशयोजनेचा झगमगाटही काही ठिकाणी कमी केला असता, तर माणसांचे बोलणे अधिक ठळकपणे ऐकू आले असते.

डोंगरावर सावली कमी असल्याने बंधारे सकाळी लवकर पाहावेत आणि ऊन चढल्यावर संग्रहालयात जावे. सोबत वाहन असेल तर अंजारचे वीर बाळक स्मारकही पाहावे. प्रजासत्ताकदिनाच्या प्रभातफेरीत प्राण गमावलेल्या १८५ विद्यार्थ्यांच्या आणि २० शिक्षकांच्या स्मरणार्थ ते उभारलेले आहे.