नॅडआयआर: फुकटातलं कॅब सिम, अन् कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग

जळगावात एप्रिल-मे मध्ये घरी गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला माहितीये, अँपसमोर माइक लावला की आधी कूलर बंद, मग पंखा बंद, मग खिडकी लावा, अन् ४४ डिग्रीत घामाने तारा चिकट होईपर्यंत टेक घ्या. अहिराणी गाण्यांचं काम तर ऐन उन्हाळ्यात, लग्नसराईत येतं. म्हणून थेट इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) वाजवायचं अन् कॅबिनेट, म्हणजे अँपच्या स्पीकरची पेटी ऊर्फ कॅब, त्याची नक्कल कॉम्प्युटरमध्ये लावायची; हेच कॅब सिम.

इग्नाइट अँप्स या इटलीवाल्यांचं नॅडआयआर प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम) फुकट आहे. काम एकच, आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स लोड करायचा. कॅब, माइक अन् खोलीने आवाजाला जो आकार दिला तो एका छोट्या वेव्ह फाईलीत असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपकन खाली पडतो, डिस्टॉर्शनची कर्कश धार तिथेच कापली जाते. कॅबशिवाय ऐका, डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं वाटेल.

मजा दोन आयआर एकत्र लावण्यात आहे. मी एका बाजूला व्हिंटेज ३० स्पीकरवर एसएम५७ माइकने घेतलेला आयआर ठेवतो, दुसरीकडे तोच कॅब रॉयर १२१ रिबन माइकने घेतलेला. ५७ मिड्स (मधला आवाज) पुढे आणतो, रिबन अंग भरतो, मग बॅलन्स नॉब फिरवत बसायचं. दोन्ही माइकचं अंतर सारखं नसेल तर फेज भांडतो, म्हणजे दोन्हींच्या लहरी एकमेकींना कापतात, अन् आवाज पोकळ होतो, तेव्हा एकाचा डिले अगदी किंचित वाढवत जा, खालचा भाग भरून आला की हात काढा. हायपास (खालचं कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, लोपास (वरचं कापणारा) ७-८ किलोहर्ट्झ, म्हणजे खालची जागा बेसला अन् ढोलला मोकळी राहते. गिटारचा ट्रॅक एकटाच लावून ऐकला तर आवाज बारीक वाटेल, घाबरू नका, पूर्ण गाण्यात ऐका.

बेसला मात्र पूर्ण कॅब लावू नका. अँपेगच्या ८x१० चे आयआर भारी आहेत पण त्या कॅबचं नाव जेवढं मोठं, तेवढा तो खोल जात नाही, अन् आपली ई तार ४१ हर्ट्झवर आहे. सिग्नलचे दोन ट्रॅक करा, एकावर खालचा भाग डीआय (अँपशिवाय थेट आलेला सिग्नल) साफ ठेवा, दुसऱ्यावर कॅब अन् थोडा ड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन). आमच्या बेसवाल्याने ऐकलं अन् म्हणाला, "हाई भारी शे भो!" त्याच्याकडून एवढं म्हणजे खूपच.

खटकतं काय तर आयआर एका जागी गोठलेला असतो, अँप फुल केल्यावर स्पीकर स्वतः फाटतो ती गंमत त्यात येत नाही. माइक हाताने सरकवायचा तर फाईलच बदलावी लागते. अन् फुकटच्या आयआरचे फोल्डर डाउनलोड करत बसलात तर गाणं राहतं बाजूला. चार-पाच निवडा, बाकी डिलीट.

आणि एक, व्हॉल्व्ह अँपवाल्यांनी कॅब काढून स्पीकर आउट थेट इंटरफेसमध्ये घालू नका. लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अँपचा भार घेणारा डबा) मधे हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल, अन् तेव्हा प्लगइन फुकट असल्याचा काही उपयोग नाही.